राजगड ते तोरणा एका दिवसात: पहिल्यांदा धार चालणाऱ्यांसाठी

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की तोरण्याचा बुधला नावाचा सुळका समोर दिसतो. इतका स्पष्ट, की वाटतं दोन-तीन तासांचं काम. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक गटाची पहिली चूक तिथेच होते. दोन गडांमधली डोंगराची धार एकसलग नाही. ती उतरते, चढते, पुन्हा उतरते, एका खिंडीत डांबरी रस्त्यावर येऊन टेकते आणि तिथून पुन्हा छोटे-मोठे डोंगर अंगावर घेत तोरण्याच्या कातळाला भिडते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून निघून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात उतरेपर्यंत वीसेक किलोमीटर होतात, पण थकवतात ते हे चढउतार. सवय नसलेल्या पाच-सहा जणांच्या गटाला विश्रांती धरून तेरा-चौदा तास लागतात.

मी ही धार मित्रांबरोबर अनेकदा केली आहे आणि एकदा चुकीच्या वेळी केली आहे. त्या एका वेळेमुळे हे लिहितोय. या वाटेवर कातळापेक्षा घड्याळ आणि पाणी जास्त सांभाळावं लागतं. कातळाचे टप्पे मोजके आहेत, जपून गेलं तर साधे आहेत. पण तेच टप्पे संध्याकाळी सहाला, रिकाम्या बाटल्या आणि पेटके आलेले पाय घेऊन समोर आले, तर साधे राहत नाहीत.

आधी स्वतःला तपासा

हा तुमचा पहिलाच ट्रेक असू नये. आतकरवाडीतून सिंहगड पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन सव्वा तासाच्या आत चढता येतो का, ते बघा. मग जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांची रांग एकदा चाला. एकामागून एक टेकडी संपत का नाही, हा प्रश्न तिथे मनात येतो आणि त्याची सवयही तिथेच लागते. नुसता राजगड गुंजवण्यातून करून त्याच वाटेने उतरलेला असलात तर फारच उत्तम, कारण मग अंधारातली पहिली चढण ओळखीची असेल.

गटात निदान एक जण ही धार आधी चाललेला हवा. तसा कुणी नसेल तर गुंजवण्यातून वाटाड्या घ्या. त्याचे पैसे वाचवून काही मिळत नाही. धारेवर ढोरवाटा इतक्या फुटतात की सरावलेला माणूससुद्धा एखाद्या ठिकाणी थबकतो.

चारपेक्षा कमी जण जाऊ नका. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात, हा हिशोब चारांतच जुळतो. आणि दहाच्या वर गट नेऊ नका, कारण कातळाच्या प्रत्येक टप्प्यावर रांग लागते आणि दिवस तिथेच संपतो.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात ही धार फार देखणी असते यात शंका नाही, पण नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, दोन्ही बाजूंना दरी असते आणि ओल्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं असतं, वाट त्यात बुजलेली असते आणि ऊन सोसवत नाही. मार्चनंतर धारेवर सावली म्हणून शोधावी लागते आणि कधी कधी वणवा लागलेला असतो.

हिवाळ्यातही एक अडचण आहेच. दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे अकरा तासांचा उजेड. आपल्याला तेरा हवेत. हे दोन-तीन तास कुठून आणायचे? पहाटेकडून. संध्याकाळकडून उधार घ्यायचे नाहीत.

गाडीची सोय आदल्या दिवशी

सुरुवात गुंजवण्यात आणि शेवट वेल्ह्यात, त्यामुळे गाडीचा घोळ होतो. सोपा उपाय असा: पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून उजवीकडे आत मार्गासनी, विंझर करत वेल्हे. गाड्या वेल्ह्यात लावा. मग जीप ठरवून मार्गासनीवरून साखरमार्गे गुंजवण्याला या. म्हणजे दुसऱ्या दिवशी दमून उतरल्यावर गाडी समोर उभी असते. एसटीने जाणाऱ्यांना स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी मिळते, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

रात्री गुंजवण्यातच मुक्काम करा. गावात घरगुती जेवणाची आणि झोपण्याची सोय होते. पूर्वी आम्ही राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथाऱ्या टाकायचो. गडावरच्या मुक्कामाचे नियम आता कडक झाले आहेत. राजगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, तेव्हा तिथले नियम पाळणं हे आपलंच काम आहे. ज्या घरी उतराल तिथे सगळ्यांची नावं, किती जण आहात आणि वेल्ह्यात किती वाजता उतरणार हे लिहून द्या. त्यांचा फोन नंबर घ्या, आपला द्या.

सॅकमध्ये काय

पाणी. माणशी चार लिटर, आणि यात तडजोड नाही. राजगड सोडल्यावर तोरण्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. धारेवर एखाददुसरं धनगराचं घर लागतं, कधी ताकही मिळतं, पण ते मिळालं तर नशीब समजायचं, त्यावर बेत आखायचा नाही. मीठ-साखर-लिंबाचं सरबत एका बाटलीत वेगळं करून घ्या किंवा ओआरएसची पाकिटं ठेवा. नुसतं पाणी पीत घाम गाळत राहिलं की दुपारनंतर पोटऱ्यांत गोळे येतात.

खायला घरचं, तेलकट नसलेलं: दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर, उकडलेले बटाटे मीठ लावून. बिस्किटं-वेफर्स कोरड्या घशाखाली उतरत नाहीत.

बूट वापरलेले असावेत. नवे कोरे बूट या वाटेवर घातले तर उतरताना अंगठ्याची नखं काळीनिळी होतात. सोलवरची नक्षी झिजलेली नसावी. सुक्या गवतावर आणि सुट्या माती-दगडांच्या घसाऱ्यावर गुळगुळीत सोल म्हणजे घसरगुंडी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, डोक्याला लावायची टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र (दोघांत एक चालत नाही), शिट्टी, क्रेप बँडेज, वाटेची नोंद मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेली. दोर फक्त तो वापरता येणारा माणूस सोबत असेल तरच. गाठ मारता न येणाऱ्याच्या हातातला दोर दुसऱ्याला खोटा धीर देतो.

अत्तर, सुगंधी तेल, डिओड्रंट लावू नका. राजगडावर आग्यामोहोळं आहेत आणि माश्या उठल्याच्या घटना घडल्या आहेत. कड्यांजवळ आरडाओरडा नको, धूर तर मुळीच नको.

पहाटे साडेचार: चोर दरवाजा

साडेचारला पाय उचलायचे. उठायचं नव्हे, चालायला लागायचं. सुरुवातीची डोंगरसोंडेवरची वाट चांगली मळलेली आहे. पहिला तास मुद्दाम हळू चाला, बोलता बोलता दम लागणार नाही इतक्या गतीने. जो पुढे पळतो तोच बहुतेक वेळा खिंडीनंतर मागे पडतो.

वर कातळ लागला की रेलिंग सुरू होतं. रेलिंगच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच माणूस. हात रेलिंगला असला तरी भार पायांवर हवा. वर्षानुवर्षं पावसात उभं असलेलं लोखंड कुठे सैल झालेलं असेल ते हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. चोर दरवाज्यातून वाकून आत शिरलात की शेजारीच पद्मावती तलाव. इथे पावणेसात-सातला पोहोचलात तर गणित बरोबर चाललंय.

इथे अर्धा तास बसा. नीट खा. सईबाई राणीसाहेबांची समाधी इथेच आहे, १६५९ साली त्या याच गडावर गेल्या. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, १६७०चा. रायगडाआधी जवळपास पाव शतक मराठ्यांची राजधानी जिथे होती, तिथून आपण धावत पुढे जाणार आहोत याची मला दरवेळी चुटपुट लागते. म्हणूनच सांगतो, राजगड पाहायला वेगळा दिवस काढा. आज बालेकिल्ला नाही, सुवेळा माची नाही, नेढं (कातळातलं आरपार भोक) नाही. बालेकिल्ल्याचा मोह झाला तर सव्वा-दीड तास गेला असं समजा, आणि तो तास दुपारी परत मिळत नाही.

पाणी भरून घ्या. टाक्यातलं पाणी गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकून.

संजीवनी माची आणि अळू दरवाजा

बालेकिल्ल्याच्या कड्याखालून आडवी वाट संजीवनी माचीकडे जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. इथे सॅक दरीच्या बाजूला झुकू देऊ नका आणि चालता चालता फोटो काढू नका. थांबा, काढा, मग चाला.

माची तीन टप्प्यांत उतरत जाते. लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. तिची दुहेरी तटबंदी बघाच. दोन भिंतींच्या मधली अरुंद जागा, त्यात उतरायच्या वाटा, बाहेरच्या बुरुजाला आतून आधार देणारा दुसरा बुरूज. बाहेरची भिंत पडली तरी आतली लढत राहील, ही कल्पना दगडात उभी केलेली आहे. तिच्यावरून चालताना मला अजूनही काटा येतो.

अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की खरी धार सुरू. नऊच्या आत इथे या. पुढची उतरण घसाऱ्याची आहे आणि इथेच सगळ्यात जास्त ढोपरं फुटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

घसाऱ्यावर उतरताना शरीर मागे टाकू नये. भीतीने माणूस मागे रेलतो, मग टाच सुटते आणि तो बसल्या बसल्या घसरत जातो. गुडघे किंचित वाकवा, पाऊल पूर्ण टेकवा, लहान लहान पावलं टाका. दोघांमध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवा, एकाच्या सरळ खाली दुसरा नको. पायाखालून दगड सुटला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘दगड!’ असं ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही, डोंगराला चिकटायचं. गवताचा झुबका धरून भार टाकू नका, तो मुळासकट हातात येतो. कारवीचं झुडूपही वाळलं की तसाच दगा देतं. हातात धरायचा तर पक्का कातळ, आणि तोही आधी थोपटून. पोकळ वाजला तर सोडून द्यायचा.

जिथे कातळ उतरायचा तिथे तोंड कातळाकडे आणि पाठ दरीकडे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, चौथा हलता. ओणवं होऊन उतरायला सुरुवातीला अवघड वाटतं, पण पाय ठेवायची खोबण दिसते. काठी असेल तर ती कातळाआधीच सॅकला बांधा.

धार

यानंतरचे दोन-अडीच तास मला सगळ्यात प्रिय आहेत. उजवीकडे खाली गुंजवणी आणि कानंदीचं खोरं, गुंजवणी धरणाचं पाणी. डावीकडे वेळवंडीचं खोरं आणि भाटघर धरणाचा फुगवटा. मागे वळून पाहिलं की राजगडाच्या माच्या पंख पसरल्यासारख्या दिसतात. या वाटेवर कुणीतरी पुढे आणि कुणीतरी शेवटी ठरलेलं असावं. पुढच्याने मागचा दिसेनासा होऊ द्यायचा नाही. शेवटी चालणारा गटातला सगळ्यात भक्कम माणूस असावा, सगळ्यात दमलेला नव्हे.

वाट चुकली हे कसं ओळखायचं? ढोरवाट हळूहळू धार सोडून उतारावर आडवी जाते आणि झाडीत विरते. दहा मिनिटं चालून धार डोक्यावर गेल्यासारखी वाटली, की थांबा आणि मागे फिरा. उतारावरून सरळ वर चढून धार गाठायचा प्रयत्न करू नका, त्यात अर्धा तास आणि सगळा दम जातो.

खिंड: इथे ठरवायचं

धार उतरून वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर येते. भुतोंडे हे येसाजी कंकांचं गाव, इथून दक्षिणेला खाली. नवख्यांसाठी ही खिंड दिवसातली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, कारण इथून पुढे तोरणा चढून उतरेपर्यंत सुटकेची सोपी वाट नाही.

बसा. बूट काढा. प्रत्येकाचं पाणी मोजा. मग तीन प्रश्न विचारा. बारा वाजायच्या आत आलोय का? माणशी दीड लिटर तरी उरलंय का? कुणाच्या पायात गोळे, कुणाला मळमळ, कुणाचं डोकं दुखतंय का? तिसरा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तर कुणी खरं सांगत नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

तिन्हींपैकी एकाचंही उत्तर वाईट असेल तर रस्त्याने वेल्हे गाठा. सगळ्यांनी. गट फोडून अर्धे पुढे, अर्धे खाली असं करू नका.

आम्ही एकदा तसं केलं नाही, पुढे गेलो. बालेकिल्ल्यावर वेळ घालवला होता, खिंडीत पाऊण वाजला होता. आमच्यातला एक जण गप्प होता. मी त्याला विचारलं, ‘‘जमेल ना रे?’’ आणि तो ‘‘हो’’ म्हणाला, कारण बाकी चौघं त्याच्याकडे बघत होते. बुधल्याच्या खाली त्याच्या दोन्ही मांड्यांत गोळे आले. सूर्य समोरून डोळ्यांत येत होता, पाणी संपत आलं होतं, आणि एकेक पाऊल दाखवत त्याला वर घ्यायला आम्हाला दीड तास लागला. तोरण्याहून वेल्ह्यात उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. काही झालं नाही, सगळे सुखरूप घरी गेलो. पण खिंडीतला तो प्रश्न मी चुकीच्या पद्धतीने विचारला, ही जबाबदारी माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

बुधल्याकडे

खिंडीनंतर पुन्हा चढ. इथे दुपारचं ऊन तोंडावर येतं, टोपी पुढे ओढा. झाडीचा टप्पा आला की दहा मिनिटं सावलीत थांबा आणि खाऊन घ्या, कारण पुढे कातळावर खायला बसायला जागा नाही. दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, तहान लागो न लागो.

तेलाचा बुधला पालथा ठेवावा तसा सुळका, म्हणून नाव बुधला. त्याच्या पायथ्याशी दोन-अडीचपर्यंत पोहोचायला हवं. माचीवर शिरतानाचा कातळटप्पा या दिवसातला सगळ्यात अवघड. अवघड जागी लोखंडी शिडी आहे. आधी अनुभवी माणूस वर जाईल, तो शिडी आणि तिचा आधार हलवून तपासेल. मग एक-एक जण. शिडीवर दोघं नकोत. मोठ्या सॅक वेगळ्या वर घ्या. वर पोहोचलेल्याने कडेला उभं राहून सूचना देऊ नयेत, बसून द्याव्यात, आणि सूचना देणारा एकच असावा. तिघं तीन गोष्टी सांगायला लागले की मध्ये लटकलेला माणूस गोठतो.

कुणी खरंच गोठला, पाय थरथरायला लागले, तर घाई करू नका. त्याला कातळाला पोट टेकवून उभं राहू द्या, पाच श्वास घेऊ द्या. मग फक्त पुढची एक खोबण सांगा. त्यापुढची नंतर.

वर आल्यावर बुधल्याला वळसा घालून माचीवरून कोकण दरवाज्याकडे जायचं. थकलेल्या डोक्याने इथे पाय अडखळतो. टप्पा संपला म्हणून गप्पा सुरू होतात आणि वाट अजून अरुंदच असते.

तोरणा आणि उतरण

मेंगाई देवीच्या देवळापाशी चारच्या सुमाराला पोहोचलात की पाणी भरा, राहिलेलं सगळं खाऊन टाका. दूर पूर्वेला राजगड दिसेल. शिवरायांनी स्वराज्याच्या सुरुवातीलाच घेतलेला हा गड. इथे सापडलेलं धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं आणि त्याचा राजगड झाला, असं सांगतात. सकाळपासून आपण त्याच दोन डोंगरांच्या मधून चालत आलो. झुंजार माची आज नको, तीही वेगळ्या दिवसाची.

साडेचारला उतरायला लागा. कोठी दरवाजा, मग बिनी दरवाजा, पुढे रेलिंगचे टप्पे आणि मग वेल्ह्याकडे जाणारी लांब सोंड. एरवी सरळ वाटणारी ही वाट आज गुडघ्यांना फार जड जाईल, कारण दिवसभराचा घाम, ताण आणि झोप सगळं इथेच जाणवतं. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत. अंधार पडायची वाट न बघता टॉर्च डोक्याला लावून ठेवा. धावत उतरणाऱ्याला थांबवा.

मध्येच कुणाला इजा झाली तर ११२ किंवा १०८ लावा. रेंज सगळीकडे नाही, म्हणून मिळेल तिथे थांबून बोला आणि आपण कोणत्या दोन ठिकाणांच्या मध्ये आहोत ते नेमकं सांगा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांकही निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. साप चावला तर चिरणं, बांधणं, चोखणं काही नाही. माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका आणि मदत मागवा.

वेल्ह्यात उतरल्यावर जेवणाआधी दोन कामं. बूट काढून पाय धुवा आणि फोड आलेत का बघा. आणि गुंजवण्यात ज्या घरातून पहाटे निघालात तिथे फोन करून सांगा, की सगळे उतरलो. आमच्या त्या मावशी दरवेळी नावं घेऊन एकेकाचं विचारतात, आणि मी प्रत्येकाकडे बघून मगच ‘‘हो’’ म्हणतो.